चामड्याच्या पट्ट्याने धार का लागते?

(बी. ए., द्वितीय वर्ष)

गेल्या वर्षी तासाला म्हणी चालू होत्या. 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' ही म्हण आली तेव्हा सगळा वर्ग हसला. मीही हसलो. घरी खुंटीला टांगलेली वडिलांची धोकटी त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे आली होती, तरी मी हसतच राहिलो. महाविद्यालयातल्या पहिल्या दिवशी 'वडील काय करतात?' या प्रश्नाला मी 'शेती' असे उत्तर दिले होते. आम्हाला शेती नाही. माझे वडील दर्यापूर तालुक्यातील एका लहान गावी न्हावीकाम करतात. आजोबांनी तेच केले आणि त्यांच्या वडिलांनीही तेच. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला.

उन्हाळ्याच्या सुटीत घरी गेलो असता वडिलांनी आपला जुना वस्तरा माझ्या हाती दिला आणि पट्ट्यावर फिरवून आणायला सांगितले. त्यांची नजर आता अधू झाली आहे. गिऱ्हाइकांसाठी ते नवे पातेच वापरतात, परंतु स्वतःची दाढी मात्र अजून याच वस्तऱ्याने करतात. मी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून वस्तरा फिरवू लागलो. शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीने विचारले, "दादा, चामडं तं नरम असते. मंग त्यानं लोखंडाले धार कशी लागते?"

तेरा वर्षे शाळा-महाविद्यालयात काढलेल्या मला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. ज्या वस्तूने आमच्या तीन पिढ्यांना भाकर दिली तिच्याविषयी मला काहीच ठाऊक नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे बहिणीच्या त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय. मी कला शाखेचा विद्यार्थी. विज्ञान विभागातील प्राध्यापकांनी आपुलकीने समजावून सांगितले व प्रयोगशाळेतील उपकरणे हाताळू दिली, म्हणून हे लिहिणे शक्य झाले.

धार म्हणजे काय?

पात्याच्या दोन बाजू जिथे एकमेकींना मिळतात ती रेषा म्हणजे धार. ही रेषा जितकी बारीक आणि जितकी सलग, तितकी धार चांगली. दाढीचा केस साधारण शंभर मायक्रॉन जाडीचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चांगल्या वस्तऱ्याच्या धारेचे टोक एका मायक्रॉनहूनही कमी जाडीचे असते. म्हणजे एका केसाच्या जाडीत अशा शंभराहून अधिक धारा शेजारी-शेजारी बसतील.

दुसरी गोष्ट कोनाची. वस्तऱ्याची पाठ जाड असते आणि पट्ट्यावर किंवा निसण्यावर फिरवताना पाठ व धार दोन्ही एकाच वेळी टेकवतात. मी व्हर्निअरने वडिलांचा वस्तरा मोजला. पाठीची जाडी ५ मिलिमीटर आणि पाठीपासून धारेपर्यंतची रुंदी १८ मिलिमीटर भरली. त्यावरून धारेचा कोन सुमारे १६ अंश येतो. चाकूला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्यात तो घडणीतच सांभाळलेला आहे. वर्षानुवर्षे घासून पाते अरुंद होत जाते, परंतु त्याबरोबर पाठही झिजते, त्यामुळे कोन फारसा बदलत नाही. वडिलांच्या वस्तऱ्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना झिजेचा चकचकीत पट्टा दिसतो, त्याचे कारण हेच.

निसणा काय करतो?

धार अगदीच गेली तर वस्तरा आधी निसण्यावर, म्हणजे धार लावण्याच्या दगडावर घासतात. दगडातील कठीण कण पोलाद खरवडतात. प्रत्येक कण आपल्या आकाराची चर पात्यावर पाडतो. या चरा धारेच्या रेषेपर्यंत येऊन थांबतात, त्यामुळे ती रेषा करवतीसारखी दातेरी होते. शिवाय दोन बाजू घासून भेटू लागल्या की टोकाशी पोलादाचा एक अतिशय पातळ पापुद्रा राहतो. तो तुटत नाही, घासलेल्या बाजूच्या उलट दिशेला वाकतो. बोटाच्या नखाला तो जाणवतो. अशा स्थितीत दाढी केली तर केस कापण्याऐवजी ओढले जातात आणि कातडी सोलवटते.

वनस्पतिशास्त्राच्या सूक्ष्मदर्शकाखाली, बाजूने बॅटरीचा उजेड टाकून, मी निसण्यावरून आलेले पाते शंभरपट मोठे करून पाहिले. नुसत्या डोळ्यांना आरशासारखे भासणारे ते पोलाद नांगरलेल्या वावरासारखे दिसले. हे तास बुजविण्याचे आणि तो पापुद्रा काढण्याचे काम पट्ट्याकडे येते.

नुसते चामडे आणि माखलेले चामडे

येथे बहिणीची शंका पुन्हा उभी राहते. चामडे नरम, पोलाद कठीण. वऱ्हाडातल्या माणसाला चामडे आणि पोलाद यांची गाठ नवी नाही. आपल्याकडच्या जिनिंगमध्ये सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात चामड्याच्या चकत्यांचा रूळ असतो आणि त्याला पोलादी पाते दाबून बसवलेले असते. रूळ रुई धरून ओढतो. सरकी पात्यापाशी अडते. अकोल्याला माझ्या मामाचे केशकर्तनालय आहे. ते तरुणपणी एक हंगाम जिनिंगमध्ये कामाला होते. हंगामात झिजून लहान होतो तो चामड्याचा रूळ, हे त्यांनीच मला सांगितले. अलीकडे काही ठिकाणी चामड्याऐवजी रबराचे रूळ आले आहेत, ती गोष्ट वेगळी. सांगण्याचे तात्पर्य असे, की नुसते चामडे पोलादाला विशेष खात नाही.

मग नुसता पट्टा काय करतो? तो टोकाशी वाकलेला पापुद्रा एकदा इकडे, एकदा तिकडे वळवतो. तार वारंवार वाकवली म्हणजे तुटते, तसा तो सैल भाग तुटून पडतो. जो भाग घट्ट आहे तो सरळ रेषेत येतो. धारेवरची ओल, गंजाचा बारीक थर व साबणाचा मळ पुसला जातो. रोज दाढीपूर्वी वस्तरा पट्ट्यावर फिरवतात तो यासाठी.

परंतु धार खरोखर झिजलेली असेल तर एवढ्याने भागत नाही. पोलाद थोडे तरी काढावेच लागते, आणि ते काढतो चामड्यावर माखलेला कण. आमच्या पट्ट्याची एक बाजू कोरी आहे आणि दुसरीवर पॉलिशची हिरवी वडी घासलेली आहे. वडील रोज कोरी बाजू वापरतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी हिरवी. 'हिरवीवर रोज फिरवला तं वस्तरा खाऊन जाते,' असे ते म्हणतात. एक बाजू पोलाद खाते आणि दुसरी खात नाही, हा फरक त्यांनी हातानेच ओळखलेला आहे.

हिरव्या वडीत मेणासारख्या चिकट पदार्थात क्रोमियम ऑक्साइडची पूड मिसळलेली असते. फ्रेडरिक मोस या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांची काठिण्यश्रेणी ठरवली. तिच्यात शंखजिरे १ वर आणि हिरा १० वर आहे. वस्तऱ्याचे पाणी दिलेले पोलाद या श्रेणीत साडेसहाच्या आसपास येते. क्रोमियम ऑक्साइड आठाच्या वर आहे, म्हणून ते पोलाद खरवडू शकते. सोनार वापरतात ती लाल पूड लोहाच्या ऑक्साइडची. तिचे काठिण्य साडेपाच ते साडेसहा. सोन्याचांदीला ती उत्तम, पण कठीण पोलादावर तिचे काम सावकाश चालते. ९ काठिण्याचे ॲल्युमिनिअम ऑक्साइड म्हणजे आपले कुरुंद. माणिक आणि नीलम ही त्याचीच रंगीत रूपे. विदर्भात भंडारा जिल्ह्यात कुरुंद सापडते. इंग्रजीतील 'कोरंडम' हा शब्दसुद्धा भारतीय भाषांतूनच तिकडे गेलेला आहे.

घासणे आणि चकाकी देणे

माझी समजूत अशी होती की दगडाने धार लागते आणि पट्ट्याने फक्त चमक येते. म्हणजे पहिले काम पोटाचे आणि दुसरे शोभेचे. ही समजूत चुकीची निघाली.

या प्रश्नावर मोठमोठ्यांनी विचार केलेला आहे. न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध केलेल्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात काचेच्या पॉलिशविषयी असे मत मांडले, की बारीक पूड काचेवरच्या मोठ्या चरा पुसत नसून त्यांच्या जागी इतक्या लहान चरा पाडते की त्या डोळ्यांना दिसत नाहीत. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज बेल्बी याने वेगळा विचार मांडला. पॉलिश करताना धातूचा वरचा थर जणू वितळल्यासारखा पसरतो आणि खळगे बुजवतो, असे तो म्हणे. कित्येक वर्षे हे मत मान्य होते. नंतर ऑस्ट्रेलियातील धातुशास्त्रज्ञ लिओनार्ड सॅम्युएल्स यांनी पॉलिश केलेल्या धातूंचे बारकाईने निरीक्षण करून दाखवले, की तेथेही मुख्यतः बारीक कापणेच चालते. प्रत्येक कण सूक्ष्म पटाशीसारखा धातूचा ढलपा काढतो. म्हणजे न्यूटनचा तर्क बराचसा खरा होता.

हिरव्या वडीतील कण बहुधा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे असतात. ते पाडतात त्या चरा त्याहूनही उथळ. हिरव्या बाजूवर चाळीस वेळा फिरवलेले पाते मी पुन्हा त्याच सूक्ष्मदर्शकाखाली धरले. धारेलगतचे तास नाहीसे झाले होते आणि तेथे काळा गुळगुळीत पट्टा दिसत होता. पट्ट्यावर करडा डाग पडला होता. तो डाग म्हणजे वस्तऱ्यातून निघालेले पोलाद. धार आणि चकाकी या दोन गोष्टी नसून धार बारीक होत गेली की चकाकी आपोआप येते, हे मला तेथे कळले.

मग चामडेच कशाला?

कण कापत असेल तर तो कशावरही माखावा, चामड्याचे काय महत्त्व? उत्तर त्याच्या नरमपणात आहे. कठीण पाटीवर एखादा मोठा कण असला तर सगळा भार त्याच्यावर येतो आणि तो खोल चर पाडतो. चामड्यात तो कण दाबाखाली आत बसतो. वर थोडेसे टोक राहते. त्यामुळे लहानमोठे कण जवळजवळ सारख्या खोलीने कापतात. चामड्याचे तंतू कणांना धरून ठेवतात आणि तेलकटपणामुळे ते विखुरत नाहीत.

या गुणातच एक दोषही आहे. दाब जास्त पडला की नरम चामडे धारेच्या टोकाभोवती उचलले जाते, आणि कण टोकाला बाजूने न घासता समोरून घासतात. टोक गोल होते. नवशिक्याचा वस्तरा पट्ट्यावर फिरवून अधिकच बोथट होतो तो यामुळे. म्हणूनच वस्तरा पाठ पुढे आणि धार मागे असा ओढतात, आपल्या वजनाहून जास्त भार देत नाहीत, आणि टोकाशी आल्यावर धारेवर न उलटता पाठीवर उलटतात. वडिलांनी मला हे सांगितले ते कारणाशिवाय. कारण मला नंतर कळले.

आजोबांची पूड

हिरवी वडी आमच्या घरात आली ती वडिलांच्या काळात. आजोबा आपली पूड स्वतः करीत. पक्क्या भाजलेल्या विटेचा तुकडा कुटून ते पूड वस्त्रगाळ करीत. ती मडक्यातल्या पाण्यात ढवळून थोडा वेळ थांबत आणि वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घेत. तळाशी बसलेला गाळ फेकून देत. दुसऱ्या भांड्यातले पाणी दोन-तीन दिवस हलवत नसत. मग तळाशी जी साय बसे ती वाळवून, तेलात कालवून पट्ट्यावर चोळीत. विटेत लोहाचे ऑक्साइड असते आणि पोलादाहून कठीण असे वाळूचे कणही असतात, तेव्हा पुडीत कस होताच. प्रश्न बारीकपणाचा होता.

१८५१ साली जॉर्ज स्टोक्स याने मांडलेल्या नियमाप्रमाणे बारीक कण पाण्यात खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. व्यास निम्मा झाला तर वेग चौथाई होतो. भौतिकशास्त्राच्या सरांनी मला हिशेब करून दिला. दहा सेंटिमीटर खोल पाण्यात वाळूचा दहा मायक्रॉनचा कण सुमारे वीस मिनिटांत तळाला जातो, तर एक मायक्रॉनच्या कणाला तीस तासांहून अधिक लागतात. आजोबांचे थोडा वेळ थांबणे आणि मग दोन-तीन दिवस न हलवणे या हिशेबात नेमके बसते.

आणखी एक गोष्ट. आमचे गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहे. विहिरीचे पाणी खारट. आजोबा या कामाला आवर्जून पावसाचे साठवलेले पाणी घेत. घरात सगळ्यांना वाटे की ही त्यांची श्रद्धा असावी. आता कळते की खारट पाण्यात बारीक कण एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात आणि तेही मोठ्या कणांबरोबर लवकर खाली बसतात. मग बारीक-जाड वेगळे होतच नाही. खारट पाण्याने पोलादही लवकर गंजते, म्हणून वापरल्यावर वस्तरा कोरडा करून त्याला तेलाचे बोट लावण्याची शिस्त घरात आजही आहे.

पूड एवढी जपण्याचे कारण मी लहानपणीच पाहिले होते. मी सहा-सात वर्षांचा असताना पट्टा खेळायला घेतला आणि अंगणात ओढत नेला. मग गुपचूप खुंटीला लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी वडिलांनी त्यावर वस्तरा फिरवला आणि धारेला डोळ्यांना दिसतील असे दाते पडले. मातीतले एक-दोन खडे पुरे झाले. ती धार पुन्हा आणायला वडिलांचे दोन दिवस गेले आणि बाजाराचा दिवस बुडाला. ते मला रागावले नाहीत. पट्टा धुऊन, सुकवून, त्यांनी तो उंच खुंटीला टांगला.

धार जाते कशी?

केस पोलादाहून कितीतरी नरम. तरी वस्तरा बोथट होतोच. हा बहिणीच्या प्रश्नाचाच दुसरा भाग होय. २०२० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात याचा उलगडा प्रसिद्ध केला. केस पोलादाहून सुमारे पन्नासपट नरम असूनही पात्याचे सूक्ष्म टवके काढतो, हे त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिले. पोलादाची अंतर्गत रचना सगळीकडे सारखी नसते. जिथे कठीण आणि नरम भाग लागून असतात, तिथे वाकलेला केस धारेला बाजूने रेटतो आणि टवका उडतो. त्यांनी फेकून देण्याची पाती अभ्यासली. अशा पात्याला टवका उडाला की ते टाकावे लागते. जुन्या वस्तऱ्याला पट्टा पुन्हा सरळ रेषा देतो.

पट्टा कुठे गेला?

किंग कँप जिलेटला बदलत्या पात्यांच्या वस्तऱ्याचे पेटंट १९०४ साली मिळाले. आपल्या खेड्यांत मात्र पट्टा त्यानंतरही कित्येक दशके टिकला. तो मागे पडला त्याला रोगाचे भय कारणीभूत झाले. १९८६ साली भारतात एच. आय. व्ही.ची पहिली लागण आढळली. कावीळ ब हा रोगही रक्तावाटे पसरतो. वस्तरा उकळता येतो, पण चामड्याचा पट्टा उकळता येत नाही, आणि एका वस्तऱ्याचे रक्त पट्ट्यावरून पुन्हा धारेला लागू शकते. अकोल्याला मामांच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकासमोर पात्याचा कागद फाडून अर्धे पाते नव्याने वस्तऱ्यात बसवतात. हे योग्यच आहे. जुन्याच्या ओढीने पट्टा पुन्हा दुकानात टांगावा असे मी म्हणणार नाही.

परंतु पट्टा नाहीसा झाला असेही नाही. दाढीची पाती कारखान्यात दगडावर घासल्यावर शेवटी चामड्याच्या फिरत्या चाकांवरून काढण्याची पद्धत आहे. मामांच्या दुकानातील अर्ध्या पात्याची धार अशीच तयार होते. गावातल्या खुंटीवरचे काम कारखान्यात गेले आणि त्याबरोबर ते जाणणारा माणूसही दिसेनासा झाला.

लेख लिहून झाल्यावर दिवाळीत मी तो वडिलांना वाचून दाखवला. न्यूटन, स्टोक्स सगळे त्यांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाले, "सारं खरं हाय बापू. पण पट्टा ढिला धरू नोको, हे लिहिलं काय?"

मी लिहिले नव्हते. ढिला पट्टा मधोमध झोळ खातो आणि धारेभोवती वळतो, त्यामुळे हलक्या हाताने फिरवले तरी टोक गोल होते. पट्टा नेहमी ताणून धरावा. ही सूचना माझे वडील, व्यवसाय न्हावीकाम, यांची आहे.